चिकन पूर्ण शिजवले, तर औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची भीती उरते का?

कोंबडीच्या मांसात प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू सापडत असले तरी रस्सा चांगला उकळल्यावर घाबरायचे कशाला, असे आपण विचारले आहे. मी खानापूर तालुक्यात पशुवैद्य आहे. रश्श्यापुरते आपले म्हणणे खरे आहे: मांसाच्या आतपर्यंत ७५ अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली की साल्मोनेला काय किंवा ई. कोलाय काय, हे जंतू तग धरत नाहीत, आणि औषधाला दाद न देणारा जंतूही उष्णतेपुढे इतरांसारखाच मरतो.

परंतु जंतू घरात पसरतात ते मांस चुलीवर चढण्याआधीच. नळाखाली कोंबडी धुताना शिंतोडे शेजारच्या धुतलेल्या भांड्यांवर उडतात; ज्या हातांनी मांसाला हळद-मीठ चोळले, त्याच हातांनी ताटातला कांदा आणि लिंबू चिरले जाते, आणि तो कांदा कोणी शिजवत नाही. असे पोटात गेलेले जंतू आपल्याला आजारी पाडतीलच असे नाही. मात्र त्यांच्यातील प्रतिकाराची जनुके प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर असतील, तर ती आतड्यातील दुसऱ्या जंतूंकडे जाऊ शकतात, हे मला अधिक गंभीर वाटते. कोलिस्टिन हे इतर औषधे हरल्यावर रुग्णाला देण्याचे औषध. त्याला निकामी करणारे, प्लास्मिडवरून पसरणारे एमसीआर-१ हे जनुक चीनमध्ये डुकरांत, कच्च्या मांसात आणि रुग्णांतही आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारताने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली, ती योग्यच होती.

कोंबड्यांच्या शेडमध्ये मात्र चार पक्षी मलूल दिसले की सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्यात औषध मिसळण्याची सवय अजून गेलेली नाही. पाण्यातून प्रत्येक पक्ष्याच्या पोटात किती औषध गेले, हे कोणालाच सांगता येत नाही. कमी पडले तर चिवट जंतू तेवढे मागे उरतात. पुढे हेच जंतू असलेले कोंबडखत न कुजवता कोथिंबिरीच्या वाफ्यात पडते, आणि ती कोथिंबीर बेळगावात आणि गोव्यात कच्चीच खाल्ली जाते. म्हणजे मांस न खाणारेही यातून सुटत नाहीत.

म्हणून मांस धुऊ नका, कच्च्या मांसाची सुरी वेगळी ठेवा, हात साबणाने धुवा. जुलाब लागले तर प्रतिजैविकांच्या उरलेल्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, आधी ओआरएस सुरू करा. ताप चढला किंवा शौचातून रक्त गेले तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी शौचाची तपासणी करावी का, हे त्यांना विचारा.