गळू फोडताना बोक्याला दुखणार नाही का?

प्रश्न: डॉक्टर, आमच्या बोक्याला मारामारीत चावा बसला आणि शेपटीच्या बुडाशी गळू झालंय. दवाखान्यात म्हणाले उद्या आणा, फोडून साफ करू, दोन मिनिटांचं काम आहे, कुणीतरी घट्ट धरलं की झालं, भूल वगैरे नको. त्याला दुखणार नाही का? आणि घरी आल्यावर आपली तापाची गोळी पाव तुकडा दिली तर चालेल का?

उत्तर: आधी गोळीचं बोलते कारण ते जिवावरचं आहे. पॅरासिटामॉल मांजराला अजिबात द्यायचं नाही, पाव तुकडासुद्धा नाही. ते पचवून बाहेर टाकायला यकृतात जे एन्झाइम लागतं ते मांजरात जवळजवळ नसतंच, मग विषारी घटक साठतात, रक्ताला ऑक्सिजन नेता येत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि एका गोळीत मांजर जाऊ शकतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकही नको. चुकून पोटात गेलीच तर लक्षणांची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा, त्यावर उतारा आहे पण तो वेळेत मिळायला हवा.

आता गळू. दुखणार, आणि भरपूर दुखणार. नुसतं जागा बधिर करणारं लिग्नोकेन टोचून भागेल असंही नाही, कारण पू झालेली जागा आम्लधर्मी असते आणि तिथे बधिर करणारं औषध नीट लागूच होत नाही. साध्या जखमेला दोन टाके घालायचे असतील तर ते छान चालतं, फक्त मांजराला डोस जपून लागतो, चार किलोच्या मांजराला दोन टक्क्यांचं औषध एक मिलीच्या आतच. गळवासाठी मात्र ब्युटॉर्फेनॉल किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारखं वेदनाशामक आणि सोबत गुंगीचं इंजेक्शन हेच बरं, आणि ते चीर द्यायच्या आधी, नंतर नाही. ताप असेल, खाणंपिणं बंद असेल तर आधी तपासणी करून, लागलं तर सलाईन लावून मग गुंगी.

डॉक्टरांना सरळ विचारा की वेदनेसाठी नेमकं काय देणार. गुंगी आली म्हणजे वेदना थांबली असं धरू नका, ॲसप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध दिलेलं मांजर शांत पडून राहतं पण त्याला दुखतंच असतं. मानेची कातडी पकडून दाबून धरणं तर मला अजिबात पटत नाही, पुढच्या वेळी ते मांजर पिंजरा बघूनच लपतं. फार घाबरणारं असेल तर निघायच्या दोनेक तास आधी गॅबापेंटिन हे शांत करणारं औषध देता येतं, पण डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

प्रश्न: टाके घातल्यापासून आमची मनी कपाटाखाली बसून घुर्रघुर्र करतेय. म्हणजे बरी आहे ना?

उत्तर: घुर्रघुर्रीवर जाऊ नका, दुखत असतानाही मांजरं ती करतात. चेहरा बघा. कान बाजूला वळून चपटे झालेत का, डोळे अर्धवट मिटलेत का, तोंडाचा भाग ताठ आणि मिश्या सरळ झाल्यात का, डोकं खांद्याच्या खाली गेलंय का. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये याच पाच खुणांची मोजपट्टी केली, प्रत्येकीला ० ते २ गुण, आणि दहापैकी चार किंवा जास्त झाले की वेदनाशामक द्यायचा विचार करा असं ती सांगते. मनी झोपलेली किंवा अंग चाटत असताना बघू नका, जागी आणि निवांत असताना बघा. गुण जास्त आले तर आजच फोन करा, उद्यावर ढकलू नका. ब्युप्रेनॉर्फिन घरी द्यायला दिलं तर ते गालाच्या आत ओठाकडून सोडायचं, गिळवायचं नाही, कारण मांजराच्या तोंडातल्या त्वचेतून ते चांगलं शोषलं जातं आणि पोटात गेलं की बरंचसं वाया जातं.