तुमचे प्रश्न: लूप नाही तर भीती कशाची?

प्रश्न: मुलगा क्लीव्हलँडला असतो, जूनमध्ये आम्ही दोघं जातोय. तो म्हणतो, बाबा तुम्हाला मिलेनियम फोर्स नावाच्या रोलर कोस्टरवर बसवतो. खोपोलीला इमॅजिकामधल्या नायट्रो कोस्टरवर मी बसलोय, मजा आली होती. पण ह्यात म्हणे एकही लूप (उलटं करणारा गोल फेरा) नाही, मग घाबरण्यासारखं काय आहे? वय 61, बीपीची गोळी चालू आहे.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: काका, लूप नाही म्हणून हलक्यात घेऊ नका. लूप दिसायला भयंकर, पण त्यात आपण सीटला दाबले गेलेलो असतो त्यामुळे पडतोय असं वाटतच नाही, आणि कळेपर्यंत तो संपतो पण. माझ्या मते तो निम्मा तरी दिखावा. नायट्रो पाच वेळा उलटं करते, पायाखाली फरशी नसते, सगळं खरं, पण ती साधारण 130 फुटांची. सँडस्की गावच्या सीडर पॉइंट पार्कातली मिलेनियम फोर्स 310 फूट आहे, बाजूला एरी सरोवर, आणि पहिला उतार 300 फुटांचा, तोही 80 अंशांत, म्हणजे वरून बघितलं तर पुढे रूळ आहे की नाही हेच कळत नाही. खाली पोचता पोचता ताशी 150 किलोमीटर. ही गाडी 13 मे 2000 ला सुरू झाली तेव्हा 300 फुटांच्या वरचा पूर्ण फेरीचा (सुटतो तिथंच फिरून परत येणारा) कोस्टर जगात दुसरा नव्हता, 'गीगा कोस्टर' हे नावही हिच्यापासूनच रुळलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानच्या स्टील ड्रॅगन कोस्टरनं उंचीचा मान पळवला ते सोडा.

गंमत म्हणजे गाडीला इंजिन नाही, वेग येतो तो नुसता उंचीवरून खाली येण्यानं. 300 फुटांवरून सरळ काही पडलं तर गणितानं साधारण 152 चा वेग येतो, आणि ही 150 ला धावते, म्हणजे वारा आणि घर्षण मिळून किती थोडं खातात बघा. पण उंची दीडपट केली म्हणून वेग दीडपट होत नाही हं. त्याच पार्कातली 1989 ची मॅग्नम 205 फूट आहे आणि 116 नं धावते. दुप्पट वेग हवा तर उंची चौपट लागते, म्हणून तर असले टॉवर बांधताना पैसा पाण्यासारखा जातो, हिला अडीच कोटी डॉलर लागले.

बीपीचं मात्र डॉक्टरांना विचारा, मुलाला नको. हृदय, बीपी, पाठ, मान ह्यांचा त्रास असलेल्यांनी बसू नये असं अशा राइड्सच्या पाटीवर उगाच लिहिलेलं नसतं.

प्रश्न: वर चढताना किंवा जोरात खाली येताना लाइट गेली तर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आपल्याकडचा रास्त प्रश्न! मिलेनियम फोर्सला वर ओढायला चेन नाही, विहिरीतून दोरानं बादली ओढावी तशी जाड केबल तिला 45 अंशांच्या चढावर ओढून नेते. चढावर वीज गेली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून वेगळी यांत्रिक सोय असते, त्यामुळे ती तिथंच थांबते आणि माणसं बाजूच्या जिन्यानं उतरवता येतात. एकदा माथा ओलांडला की विजेचा संबंधच संपला, पुढं सगळं उतारावर. शेवटचे ब्रेक चुंबकाचे आहेत. गाडीची धातूची पट्टी कायमच्या चुंबकांमधून गेली की तिच्यात आपोआप विरोध करणारा प्रवाह तयार होतो आणि वेग उतरतो, ना वीज लागते ना काही घासलं जातं. रुळावरून उडेल ही भीती पण काढून टाका, चाकं रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तिन्हीकडून असतात.

प्रश्न: पुढं बसावं की मागं? आणि डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतात ते खरंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: पुढं वारा आणि नजारा, मागं झटका. गाडी लांब आहे, 9 डबे, 36 माणसं, त्यामुळे पुढचे डबे माथ्यावरून खाली लोंबकळतात आणि मागच्यांना अक्षरशः खेचून नेतात, सीटवरून उचलल्यासारखं मागंच जास्त होतं. मी तर मागंच बसेन, पण पहिल्यांदाच जात असाल तर पुढं बसा.

अंधारीचं खरं आहे. उताराच्या तळाशी गाडी वळते तेव्हा रक्त पायांकडे जातं आणि क्षणभर काही जणांना सगळं करडं दिसतं. उपाशी बसू नका, तहानलेले तर अजिबातच नको.

आणि मोबाईल, चष्मा, पाकीट सांभाळा. ह्याच पार्कात 2015 मध्ये रॅप्टर नावाच्या कोस्टरखाली एक जण हरवलेली वस्तू शोधायला कुंपणाच्या आत शिरला आणि गाडीच्या धडकेत गेला. काही पडलंच तर तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा आणि गप रांगेच्या बाहेर थांबा.