अबकैकचा हल्ला, आपला सिलिंडर आणि दम्मामला निघालेला भाऊ

मूळ प्रश्न असा की आखातात एखाद्या तेलाच्या प्लांटवर अतिरेकी हल्ला झाला तर भारतात खरंच तेल बंद पडेल का नुसते भाव वाढतील, आणि आता रशियाचं एवढं तेल येतंय तर काळजी करायचं कारणच काय. शिवाय ज्या ताईंनी विचारलंय त्यांचा भाऊ पुढच्या महिन्यात सौदीतल्या दम्मामजवळ शटडाऊनच्या, म्हणजे प्लांट बंद ठेवून करतात त्या दुरुस्तीच्या, कामावर निघालाय, म्हणून घरचे धास्तावलेत. मी जुबैल-दम्माम पट्ट्यात मेंटेनन्समध्ये बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी हे डोक्यातून काढा की विहीर उडवली की तेल बंद. विहिरी शेकडो असतात, एक गेली तर दुसरी चालू. पाइपलाइन फुटली तर ती जोडणारे वेल्डर तिथेच कॅम्पात बसलेले असतात, काही दिवसांत जोडतात. खरी भीती असते ती सगळं तेल जिथे एकत्र येतं तिथली. अबकैक हे असंच ठिकाण. पूर्व सौदीतल्या घावर वगैरे मोठ्या फील्डचं क्रूड, म्हणजे कच्चं तेल, तिथे येतं. जमिनीतून आलेल्या क्रूडमध्ये गॅस विरघळलेला असतो आणि त्यात एच-टू-एस हा विषारी गॅसही असतो, ते तसंच जहाजात भरलं तर सोड्याची बाटली हलवून उघडल्यासारखं होईल. म्हणून आधी मोठाल्या गोल टाक्यांमध्ये त्याचं प्रेशर उतरवतात आणि मग उंच कॉलममध्ये तापवून एच-टू-एस काढून टाकतात, याला स्टॅबिलायझेशन म्हणतात. एकट्या अबकैकची क्षमता दिवसाला ७० लाख बॅरलच्या आसपास. तेवढं तेल एका कुंपणाच्या आत.

अल कायदाला हे बरोब्बर माहिती होतं. २४ फेब्रुवारी २००६ ला कंपनीच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या, स्फोटकं भरलेल्या गाड्या घेऊन त्यांनी गेटमधून घुसायचा प्रयत्न केला, पहारेकऱ्यांनी गोळीबार केला, गाड्या फुटल्या, दोन पहारेकरी जिवानिशी गेले. उत्पादन थांबलं नाही तरी त्याच दिवशी बाजारात क्रूड बॅरलमागे दोनेक डॉलर वाढलं. त्यानंतर गेटवरची तपासणी प्रचंड कडक झाली, गाडीखाली आरसा, डिकी उघडा, इकामा (तिथला राहण्याचा परवाना) दाखवा, गेट पास दाखवा, एका गेटनंतर दुसरं गेट, सकाळचा कितीतरी वेळ त्यातच जायचा आणि कोणी कुरकुर करायचं नाही.

पण १४ सप्टेंबर २०१९ ला गेटचा प्रश्नच आला नाही. शनिवारी पहाटे ड्रोन आले ते वरून, अबकैकवर, आणि खुराइसच्या फील्डवर क्रूझ मिसाइल पडली. नंतर जे सॅटेलाइट फोटो आले त्यात ओळीने उभ्या असलेल्या त्या गोल टाक्यांना जवळजवळ एकाच जागी भोकं दिसत होती, म्हणजे कुठे मारायचं ते नीट ठरवून मारलेलं होतं. दिवसाला ५७ लाख बॅरल उत्पादन बंद झालं, सौदीचं अर्ध्याच्या आसपास, जगाच्या पुरवठ्याचं ५ टक्क्यांच्या वर. जबाबदारी येमेनच्या हुथी बंडखोरांनी घेतली, अमेरिका आणि सौदीने इराणकडे बोट दाखवलं, इराणने नाकारलं. आम्ही तेव्हा जुबैलला होतो. क्रूड थांबलं की त्याच्याबरोबर येणारा गॅसही थांबतो, त्यामुळे जुबैलच्या पेट्रोकेमिकल प्लांटचा फीड, म्हणजे कच्चा माल, कमी झाला आणि आम्हालाही लोड खाली आणावा लागला, म्हणजे प्लांट कमी क्षमतेवर चालवावा लागला. अबकैक आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे, तरी त्याचा परिणाम त्याच दिवशी कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर दिसत होता.

सोमवारी बाजार उघडताना ब्रेंट, म्हणजे ज्याच्यावरून जगात तेलाचा भाव धरतात ते क्रूड, २० टक्क्यांच्या जवळपास उसळलं, दिवसअखेर १५ टक्क्यांच्या आसपास वर राहिलं. आपल्याकडे आठवड्याभरात पेट्रोल लिटरमागे दीडेक रुपयाने वाढलं. पण भारताचं तेल बंद पडलं का? नाही. कारण सौदीकडे साठा होता, देशात होता आणि बाहेरही, रॉटरडॅम, ओकिनावा, इजिप्तचं सिदी केरिर अशा ठिकाणी, त्यातून त्यांनी गिऱ्हाइकांचा माल दिला. गोडाऊनमध्ये स्पेअर होते, हाताशी कॉन्ट्रॅक्टर होते, माणसं रात्रंदिवस कामाला लावली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला उत्पादन पूर्ववत झाल्याचं सौदीने जाहीर केलं, तोवर भावही हल्ल्याच्या आधीपेक्षा खाली आले होते. माझ्या मते या घटनेतून शिकायचं ते हेच की सगळे हल्ले अडवता येणार नाहीत, त्यामुळे किती दिवसांत उभं राहता येतं आणि तोवर पुरेल एवढा साठा आहे का, यावर सगळं अवलंबून. नुकसान थोडं जास्त झालं असतं, म्हणजे जास्त कॉलम गेले असते, तर चित्र वेगळं असतं कारण असा कॉलम दुकानात मिळत नाही, ऑर्डर देऊन बनवून यायला वर्ष सहज जातं.

आता आपलं बघू. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांच्या वर क्रूड आयात करतो. बॉम्बे हायवर आपली मोठी भिस्त होती आणि आजही आहे, पण देशाचं एकूण उत्पादन वर्षाला ३ कोटी टनांच्या आत आणि खप २३ कोटी टनांच्या वर, त्यामुळे "आपलं तेल काढा ना" हे बोलायला सोपं आहे. सरकारचा आपत्कालीन साठा विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे जमिनीखालच्या खडकात आहे, तिन्ही मिळून क्षमता ५३.३ लाख टन, सरकारी हिशेबाने साडेनऊ दिवसांची. तेल कंपन्यांच्या टाक्या धरून ७४ दिवस सांगतात. पण त्यातलं बरंचसं रोजच्या वापरातलं, पाइपमध्ये आणि टाकीच्या तळाशी असलेलं तेल असतं, ते अडचणीच्या दिवसात सगळंच्या सगळं काढता येत नाही हे प्लांटमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा. प्रगत देश ९० दिवसांच्या आयातीइतका साठा ठेवतात. ओडिशातल्या चांदीखोलला आणि पाडूरलाच आणखी गुहा करायला सरकारने २०२१ मध्ये मंजुरी दिली, त्या लवकर व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं.

आणि क्रूडपेक्षा मला जास्त काळजी एलपीजीची आहे, यावर कोणी फारसं बोलतच नाही. घरातल्या गॅसचा साधारण ६० टक्के भाग बाहेरून येतो आणि त्यातला बहुतेक आखातातून, इराणजवळच्या होर्मुझच्या अरुंद सामुद्रधुनीतून. देशाचा खप वर्षाला ३ कोटी टन म्हणजे दिवसाला ८० हजार टनांच्या वर. विशाखापट्टणमला एलपीजीची जी गुहा आहे तिची क्षमता ६० हजार टन, म्हणजे देशाचा एक दिवसही निघत नाही. पेट्रोल महागलं तर माणूस गाडी घरी ठेवेल, स्वयंपाक कसा बंद ठेवणार? उज्ज्वलाने गावोगावी चुली बंद झाल्या हे फार चांगलं झालं, पण त्याबरोबर साठाही वाढायला हवा होता.

रशियाचं म्हणाल तर २०२२ आधी आपल्या आयातीत त्यांचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास होता, नंतर तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. एकाच टोपलीत अंडी नाहीत एवढा फायदा खरा. पण हे तेल बरंचसं बाल्टिक आणि काळ्या समुद्रातून निघतं, सुएझ कालवा आणि येमेनजवळच्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीतून येतं, म्हणजे हुथींच्या दारावरूनच. २६ जानेवारी २०२४ ला एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या टँकरवर मिसाइल पडलं तेव्हा त्यात रशियन नाफ्थाच (क्रूडपासून निघणारं एक हलकं तेल) होता आणि जहाजावर २२ भारतीय होते. आपल्या नौदलाच्या आयएनएस विशाखापट्टणम या युद्धनौकेची टीम त्यावर चढली आणि जहाजाच्या खलाशांबरोबर आग विझवली. त्याआधी महिनाभर, २३ डिसेंबरला, केम प्लूटो या जहाजावर थेट गुजरातच्या समोर अरबी समुद्रात ड्रोन पडला, जहाज सौदीहून मंगळुरूला तेल घेऊन चाललेलं, शेवटी मुंबईला आणलं. आणि भाव जागतिकच असतो, एका ठिकाणी अडलं की सगळ्यांना महाग.

आता ताईंच्या भावाबद्दल. खोटा धीर देत नाही. मे २००४ मध्ये दम्मामजवळच्या खोबरला तेल कंपन्यांची ऑफिसं आणि राहण्याच्या वसाहतीवर हल्ला झाला त्यात २२ माणसं गेली, त्यात ८ भारतीय होते. जानेवारी २०२२ मध्ये अबू धाबीच्या मुसफ्फा डेपोवर हुथींचा हल्ला झाला, तीन गेले त्यातले दोन आपले. आखातातल्या प्लांटमध्ये फिटर, रिगर, वेल्डर, स्कॅफोल्डर कोण असतात? रत्नागिरी, खेड, दापोलीपासून केरळपर्यंतची आपलीच पोरं. तरी इतक्या वर्षांत एवढी लाखो माणसं तिथे राबतात ते बघता अतिरेकी हल्ल्यात सापडण्याची शक्यता फार कमी आहे. शटडाऊनमध्ये पडणं, क्रेनखाली येणं, ऊन लागणं आणि एच-टू-एस यांचा धोका त्याहून कितीतरी जास्त, आणि हल्ला झाला तरी जीव घेणार ती बहुतेक आगच किंवा गॅसच. म्हणून त्याला एवढं सांगा: सेफ्टी ट्रेनिंगला झोपू नकोस, भाषा कळली नाही तर परत विचार. मास्कची फिटिंग टेस्ट नीट करून घे, दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला धरत नाही, ती काढ. कामावर पोचल्यावर सगळ्यात आधी विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) कुठे आहे आणि मस्टर पॉइंट (धोका झाल्यावर सगळ्यांनी जमायची जागा) कोणता ते बघ. गॅसचा अलार्म झाला तर वाऱ्याला आडवं निघायचं आणि मग वारा येतो त्या दिशेला, मित्र पडला तरी मास्क नसताना उचलायला जायचं नाही. इकाम्याचा आणि पासपोर्टचा फोटो घरी पाठवून ठेवायचा, रियाधच्या दूतावासाचा नंबर फोनमध्ये, आणि एजंटने दिलेला कॉन्ट्रॅक्ट ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी वेबसाइटवर, चढवलाय का ते निघायच्या आधी तपासा. नसेल चढवला तर तिकीट काढू नका.