नेट जाणं तुझ्या हातात नाही, रँक्ड लावणं आहे

तुझी पोस्ट वाचली. व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाच जणांच्या ऑनलाइन शूटिंग गेमच्या रँक्ड मॅचमध्ये (जिच्या हारजितीवर खेळाडूची रँक ठरते) मधेच नेट जातं, पेनल्टी बसते, चौघे मित्र चिडतात, आणि तू विचारतोस की यात माझा काय दोष. भांडुपला मी अगदी हेच भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. राउटर रीस्टार्ट वगैरे तू केलंच असशील, ते सोडून देतो.

लाइन तुटते यात तुझा दोष नाहीच. पण ती आज डळमळतेय हे दिसत असताना रँक्ड लावलंस, तर ते तुझ्यावर. १३ राउंड जिंकायचे म्हणजे अर्धा-पाऊण तास जातो, आणि तो बाकी चौघांचाही असतो. दिवसभर ऑफिस आणि लोकल करून ते तेवढ्यासाठीच बसलेले असतात.

माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसने. फोन केला की "सर, आमच्याकडून सगळं ओके दाखवतंय". माणूस यायचा, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावायचा, आकडा दाखवायचा आणि तक्रार बंद करून जायचा. अरे, स्पीड वेगळा आणि पॅकेट लॉस, म्हणजे डेटाचे तुकडे वाटेतच हरवणं, वेगळं! १०० एमबीपीएस दिसत असतानाही गेम तुटतो. हे त्यांच्या गळी उतरवण्यात अख्खा पावसाळा गेला. शेवटी निघालं काय, तर शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या त्यांच्याच डब्यात पाणी शिरत होतं. तोवर आमचा पाच जणांचा ग्रुप मोडला होता, आणि तो पुन्हा जमला नाही. याचा राग मला आजही आहे.

म्हणून आधी पुरावा जमव. कॉम्प्युटरवर दोन विंडोत पिंग (समोरून उत्तर येतंय का ते तपासणारी कमांड) सतत चालू ठेव, एक राउटरला आणि एक बाहेरच्या ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. राउटरचाच तुटला तर वायफायचा घोळ, सरळ लॅन केबल लाव. फक्त बाहेरचा तुटला तर लाइन खराब. वेळेसकट स्क्रीनशॉट काढ आणि प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, मागून घे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, तिथे हा नंबर लागतो. मी या क्षेत्रातला माणूस नाही, त्यामुळे अपिलाची सध्याची मुदत ट्रायच्या वेबसाइटवर बघून घे.

मित्रांचं म्हणशील तर, येणार नसशील तर लवकर कळव. चौघांना मिळून रँक्ड लावताच येत नाही, ऐनवेळी तू गळलास की सगळेच अडकतात. नेट हलतंय अशा दिवशी स्मोक्सवाला एजंट (धूर टाकून शत्रूची नजर अडवणारं पात्र) घेऊ नकोस. ऐन वेळी स्मोक पडला नाही तर बॉम्ब लावायच्या जागेत शिरणारा आपला गडी मरतोच. परत जोडला गेलास की "आलो" एवढंच बोल, कारणं मॅच संपल्यावर सांग. मात्र कुणी आईबहिणीवरून बोलत असेल तर म्यूट कर आणि रिपोर्ट कर, मग तो मित्र का असेना. नेट जाणं हा काही शिव्या खाण्याचा गुन्हा नाही.

लाइन सुधारेपर्यंत डेथमॅच खेळ, तिथे टीम नसते, ज्याचा तो असतो. आणि घरातली लाइट सारखी जात-येत असेल (आमच्याकडे महावितरण आहे, पावसात होतंच) तर राउटरसाठी छोटा यूपीएस घे. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही जोड, आणि घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचून जा.