जुन्या टाटा ४०७ ट्रकचा लाल रंग जुळवायचा कसा?

दारांच्या खालच्या कडा गंजल्यात, तेवढाच भाग रंगवला तर ठिगळ दिसतं, म्हणून कंपनीचा शेड नंबर कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय. माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे आणि उसाच्या पट्ट्यातल्या असल्या गाड्या कायम येत असतात, म्हणून सांगतो.

शेड नंबर मिळाला तरी फार उपयोग नाही. तो नव्या गाडीच्या रंगाचा नंबर. तुमची गाडी वीसेक वर्षं उन्हात उभी आहे, आणि लाल तर भराभर उडतो. टपाचा लाल वेगळा, दाराचा वेगळा, दार उघडल्यावर आतल्या चौकटीचा तिसराच. जुळवायचा तो आज दारावर आहे तो.

त्यासाठी दाराचा धड भाग धुऊन पांढऱ्या फडक्यानं रबिंग कंपाउंड घासा. फडकं लाल झालं तर वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर नाही, साधा रंग आहे. तुमचं काम सोपं. वरची मेलेली पांढुरकी भुकटी निघून खालून जो लाल येईल, तोच नमुना. कितीतरी लोक हे न करता मळक्या रंगाशी जुळवतात आणि नंतर पॉलिश केलं की फरक उघडा पडतो.

मग गाडीच रंगाच्या दुकानासमोर उभी करा. फिका करायला लालात पांढरा ओतू देऊ नका, गुलाबी होतो. थोडा पिवळा किंवा नारिंगी लागतो. ओल्या रंगावर भरवसा नको, सुकला की बहुधा गडद होतो. पत्र्याच्या तुकड्यावर मारा, पूर्ण सुकू द्या आणि दाराला टेकवून उन्हात बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर आल्यावर फसवतो.

रंग कुठल्या जातीचा तेही विचारून घ्या. जुन्या इनॅमलवर एनसी (नायट्रोसेल्युलोज, झटपट सुकणारा रंग) मारला तर त्याचा थिनर खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात.

आता गंज. दाराच्या तळाला पाणी जायची छिद्रं असतात. ती मातीनं बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून कुजतो. आधी ती मोकळी करा, पुट्टीनं बुजवू तर अजिबात नका. ८० नंबरच्या पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. पुट्टी पातळ लावा. आरपार भोक असेल तर पत्रा जोडूनच घ्या. शेवटी प्रायमरवर ४०० चा वॉटर पेपर. डिझेल, ग्रीस किंवा मेणाचा अंश राहिला तर रंगात डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे पडतात, म्हणून रंगाआधी पुसणं टाळू नका.

आणि ठिगळाचं म्हणाल तर रंग मधेच तोडू नका. दारावर आडवी घडी असते, तिथे मास्किंग टेप लावून खालचा पूर्ण पट्टा रंगवा. घडीवर उजेड तसाही बदलतो, त्यामुळे उरलेला थोडा फरक नजरेत येत नाही. मी तर दोन्ही दारं सारखीच करतो, एका बाजूचं काम कोणाला आवडत नाही.

पावसाळ्यात मात्र एनसी मारायच्या भानगडीत पडू नका, दमट हवेत पांढरी झाक येते. आणि पासिंग जवळ असेल तर कडेच्या रिफ्लेक्टर पट्ट्या आधी झाकून घ्या; त्यांच्यावर रंग उडाला तर नव्या लावाव्या लागतील.