टेस्टर पेटतो, वॉशिंग मशीन मात्र निपचित

प्रश्न : आमचे वरून कपडे टाकण्याचे पूर्ण स्वयंचलित वॉशिंग मशीन सात वर्षांचे आहे. गणपतीसाठी बारा दिवस गावी जाऊन आलो आणि मशीनचे बटण दाबले, तर एकही दिवा लागला नाही, कसला आवाजही आला नाही. सॉकेटमध्ये टेस्टर लावला तर तो पेटतो. दुरुस्ती करणाऱ्याने फोनवरच ‘बोर्ड गेला’ असे सांगून नवा बोर्ड बसवावा लागेल म्हटले आहे. काय करावे? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मशीन न पाहता फोनवरून केलेले हे निदान आपण मान्य करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेलेला असणे शक्य आहे. पण तो निष्कर्ष सर्वांत शेवटी काढायचा असतो, कारण तो सर्वांत महाग पडतो.

आपल्या पत्रातली टेस्टरची गोष्ट महत्त्वाची आहे. टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे एवढेच कळते. वीज फेजमधून येते आणि न्यूट्रलमधून परत जाते. ही परतीची वाट तुटलेली असेल तर टेस्टर लख्ख पेटेल आणि मशीन मात्र निपचित पडून राहील. माझ्या बहिणीच्या घरी नेमके हेच झाले होते. तिच्या मशीनचा तीन पिनांचा प्लग उघडला तेव्हा न्यूट्रलच्या पिनेचा स्क्रू सैल झालेला होता, शेजारचे प्लास्टिक तपकिरी होऊन फुगले होते आणि तारेचे तांब्याचे धागे काळे पडून बोट लावताच गळून येत होते. तारेचा जळका भाग कापून नवा प्लग बसवला आणि मशीन सुरू झाले.

म्हणून आधी त्याच सॉकेटमध्ये घरातली इस्त्री लावून पाहावी. मोबाइलचा चार्जर किंवा छोटा दिवा लावून पाहणे पुरेसे नाही, कारण त्यांना वीज इतकी कमी लागते की सैल जोडणीवरही ते चालतात; हजार वॉटची इस्त्री तापली, तरच त्या सॉकेटवर भरवसा ठेवता येतो. इस्त्री तापली नाही, किंवा सॉकेटमधून चरचर आवाज अथवा जळका वास आला, तर खटका बंद करून वायरमनला बोलवावे. मशीन एक्स्टेन्शन बोर्डवर लावलेले असेल, तर तो बोर्ड काढून प्लग थेट भिंतीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावून पाहावा. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो. मात्र मशीनचा प्लग लावताच विजेची गळती रोखणारा खटका पडत असेल, तर तो पुन्हा पुन्हा वर करू नये. मशीनमध्ये कुठेतरी वीज उतरत आहे, असाच त्याचा अर्थ आहे.

नळ बंद असणे, झाकण नीट न लागणे किंवा चाइल्ड लॉक चालू असणे यांमुळे मशीन धुणे सुरू करत नाही, पण सहसा पॅनेलवरचे दिवे तरी लागतात. आपल्याकडे एकही दिवा लागत नाही, म्हणून तिकडे वेळ घालवू नये.

इस्त्री व्यवस्थित तापली, तर दोष मशीनच्या वायरीत किंवा आत आहे. बारा दिवस बंद घर आणि भाद्रपदातली दमट हवा, म्हणजे आत ओल धरायला आणि उंदीर शिरायला पुरेसा अवधी. प्लग काढून मशीनच्या मागे आणि खाली बॅटरीचा उजेड पाडून पाहावा. लेंड्या किंवा कुरतडलेल्या तारेचे तुकडे दिसले, तर तंत्रज्ञाला ते आधीच सांगावे. मागचे झाकण आपण स्वतः उघडू नये. बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही काही काळ वीज साठून राहू शकते, आणि इन्व्हर्टर मोटरच्या मशीनमध्ये ती तीनशे व्होल्टच्या वर असू शकते.

तंत्रज्ञ घरी आला की त्याला एकच विनंती करावी : बोर्डाच्या तोंडाशी मल्टिमीटर लावून दाखवा. तिथे 230 व्होल्टच्या आसपास आकडा येत नसेल, तर बोर्ड निर्दोष असू शकतो आणि दोष वायर, प्लग किंवा मधल्या (पाण्याच्या नव्हे, विजेच्या) फिल्टरमध्ये शोधावा लागेल. आकडा येत असूनही दिवे लागत नसतील, तर बटण आणि बोर्ड यांवर संशय घेणे रास्त आहे. तरीही लगेच नव्या बोर्डाला होकार देऊ नये. वीजदाब अचानक वाढला की पुष्कळ बोर्डांवरचा व्हॅरिस्टर (जास्तीचा वीजदाब अंगावर घेणारा भाग) आणि फ्यूज स्वतः जळून पुढच्या भागांना वाचवतात, आणि एवढेच झाले असेल तर कुशल कारागीर ते दोन लहान भाग बदलून तोच बोर्ड चालू करू शकतो. फ्यूज मात्र त्याच क्षमतेचा बसवावा. तारेचा तुकडा जोडून वेळ भागवू देऊ नये.

गावी असताना इमारतीत कुणाचे पंखे, टीव्ही किंवा दिवे एकदम जळाले का, हे शेजाऱ्यांना अवश्य विचारावे. इमारतीच्या मुख्य जोडणीतला न्यूट्रल सुटला, तर 230 व्होल्टच्या जागी काही घरांत तीनशेहून अधिक व्होल्ट येऊ शकतात. तसे घडले असेल, तर ती जोडणी दुरुस्त होण्यापूर्वी मशीनमध्ये नवा बोर्ड बसवणे म्हणजे तोही जळायला देणे होय.