ब्रेक्झिटचा घोळ: वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी या सदरात युरोपियन युनियनच्या कारभाराबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक ब्रिटननं ती युनियन सोडण्याबद्दल, म्हणजे ब्रेक्झिटबद्दल. नवल नाही. घरात राहणाऱ्यांपेक्षा घर सोडून जाणाऱ्याची चर्चा जास्त होते. सात प्रश्न निवडले आहेत. लांबलेले थोडे कापले आहेत.

सर, लोकांनी जून 2016 मध्ये कौल दिला. मग प्रत्यक्ष बाहेर पडायला 31 जानेवारी 2020 का उजाडावी लागली? (राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, मुंबई)

कारण कौल अर्धाच मागितला होता. मतपत्रिकेवर प्रश्न एकच: युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं? 72 टक्के मतदारांनी मत दिलं, त्यातले 51.9 टक्के ‘बाहेर’ म्हणाले. कुठून निघायचं ते ठरलं. जायचं कुठं, हे कोणी विचारलंच नव्हतं.

आता बघा, नॉर्वे युनियनचा सभासद नाही, पण तिच्या सामाईक बाजारपेठेत आहे. तुर्कस्तान त्या बाजारपेठेत नाही, पण बऱ्याचशा मालापुरता कस्टम्स युनियनमध्ये (आपसात आयातकर नाही, बाहेरच्या मालावर सगळ्यांचा कर एकच) आहे. कॅनडाचा नुसता व्यापार करार आहे. हे तिन्ही देश ‘बाहेर’च आहेत. ज्या 1 कोटी 74 लाख लोकांनी ‘बाहेर’वर फुली मारली, त्यांतल्या कोणाला नॉर्वे हवा होता, कोणाला कॅनडा, आणि माझा अंदाज असा की बहुतेकांच्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. गावातला बंद पडलेला कारखाना होता, पूर्व युरोपातून आलेले कामगार होते, लंडनवरचा राग होता.

गोव्याच्या वाचकांना वेगळा अनुभव आठवेल. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. कुठल्याही चिन्हावर शिक्का मारला तरी दुसऱ्या दिवशी आपण कुठं असू हे मतदाराला माहीत होतं. दोन पानं 34,021 मतांनी जिंकली आणि विषय मिटला. इतका, की विलीनीकरण मागणारे भाऊसाहेब बांदोडकर त्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ब्रिटनमध्ये खरं भांडण मतमोजणीनंतर सुरू झालं.

तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून स्वतः ‘राहावं’ म्हणणारे. मग हा विस्तव त्यांनी पदरात का घेतला? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

घरचं भांडण मिटवायला. त्यांच्या हुजूर पक्षात युरोपवरून दोन तट जुनेच होते. त्यात नायजेल फराज यांच्या युकिप या पक्षानं 2014 ची युरोपियन निवडणूक जिंकली आणि हुजूर खासदारांच्या पोटात गोळा आला. कॅमेरून यांनी जानेवारी 2013 मध्येच सार्वमताचं आश्वासन देऊन ठेवलं होतं. 2015 मध्ये अनपेक्षितपणे स्वबळावर बहुमत मिळालं आणि ते पाळावं लागलं. 1975 मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनीही पक्षातली फूट झाकायला असंच सार्वमत घेतलं होतं. तेव्हा 67 टक्के लोक ‘राहू’ म्हणाले. एकदा लागलेला मटका पुन्हा लागेल असं कॅमेरून यांना वाटलं असावं. निकालाच्या सकाळीच त्यांनी राजीनामा जाहीर केला.

कॅमेरून यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा युनियनमधून बाहेर पडण्याचा करार संसदेत तीनदा पडला तरी त्या पदावर कशा? आपल्याकडे सरकार दुसऱ्या दिवशी कोसळलं असतं. (पुणे)

15 जानेवारी 2019. आपल्याकडे रात्रीचा एक वाजून गेला होता, मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. आकडा आला: बाजूनं 202, विरोधात 432. ब्रिटिश सरकारचा संसदेत इतका मोठा पराभव आधुनिक काळात झाला नव्हता. विरोधात गेलेल्यांत मे यांच्या स्वतःच्या पक्षाचे 118 खासदार होते. आणि दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठराव आला तेव्हा याच मंडळींनी सरकार 325 विरुद्ध 306 असं वाचवलं! त्यांना मे यांचा करार नको होता, पण विरोधी मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांचं सरकार त्याहून नको होतं.

दुसरं असं, की ब्रिटनमध्ये आपल्यासारखी पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची नाही. व्हिप मोडला तर पक्ष हाकलेल, पण खासदारकी जात नाही. पुढे सप्टेंबरमध्ये, मे यांच्या जागी पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी 21 बंडखोरांना एका रात्रीत पक्षाबाहेर काढलं. त्यांत माजी अर्थमंत्री होते, चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. सगळे आपापल्या बाकांवर खासदार म्हणून बसून राहिले. (आपल्या दहाव्या अनुसूचीचं महाराष्ट्रात काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे, त्यामुळे कोणाचं बरं यावर मी पैज लावणार नाही.)

मार्चमध्ये करार आणखी दोनदा पडला, 149 मतांनी आणि मग 58 मतांनी. तिसऱ्या खेपेआधी मे यांनी ‘करार मंजूर करा, मी पद सोडते’ असंही सांगून पाहिलं. मधेच सभापती जॉन बर्काव यांनी 1604 सालापासूनचा दाखला काढला: तोच ठराव त्याच अधिवेशनात पुन्हा आणता येणार नाही. म्हणून तिसऱ्या वेळी कराराचा एक भाग कापून आणावा लागला.

मग खासदार म्हणाले, सरकारला जमत नाही, आम्हीच ठरवतो. 27 मार्चला त्यांनी आठ पर्यायांवर मतं घेतली: कस्टम्स युनियन, नॉर्वेसारखी रचना, दुसरं सार्वमत, कराराशिवाय बाहेर. आठही पडले. 1 एप्रिलला चार घेतले, चारही पडले. कस्टम्स युनियन अवघ्या तीन मतांनी. एक ना धड भाराभर चिंध्या. पहिल्या उत्तरात म्हटलं तेच पुन्हा दिसलं: नाही म्हणायला प्रत्येक वेळी बहुमत होतं, हो म्हणायला एकदाही नाही.

‘बॅकस्टॉप’ म्हणून जो गलका चालला होता, तो नेमका कशाचा? (वाहतूक व्यवसायातून निवृत्त, मुलुंड)

तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. मुलुंडच्या जकात नाक्यावर ट्रक का थांबायचे? नाक्याच्या अलीकडे एक कर, पलीकडे दुसरा. मग मधे कोणीतरी कागद बघणारच. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. योगायोग असा की त्याच वर्षी 29 मार्चला ब्रिटननं युनियनच्या कराराच्या 50 व्या कलमाखाली बाहेर पडण्याची नोटीस दिली होती. आपण नाके पाडत होतो, ते बांधायला निघाले होते.

आणि एक नाका असा होता की जो बांधणं कोणालाच परवडणारं नव्हतं. आयर्लंड बेटाचा उत्तरेकडचा तुकडा ब्रिटनचा, बाकीचा देश स्वतंत्र आणि युनियनचा सभासद. मधली हद्द सुमारे 500 किलोमीटरची, शेतांतून, गल्ल्यांतून, काही ठिकाणी घरांतूनही जाणारी. ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून जास्त. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून तीसेक वर्षं तिथं जो हिंसाचार चालला त्यात 3,500 च्या आसपास माणसं गेली. हद्दीवर लष्कराचे बुरूज होते. कस्टमच्या चौक्या 1993 मध्ये सामाईक बाजारपेठेमुळे उठल्या, 10 एप्रिल 1998 च्या गुड फ्रायडे करारानंतर हळूहळू बुरूजही उतरले. आज गाडी चालवताना मैलांच्या पाट्यांऐवजी किलोमीटरच्या पाट्या दिसल्या की समजायचं, देश बदलला.

ब्रिटन कस्टम्स युनियनमधून निघालं की कर आणि नियम वेगळे होणार, म्हणजे तपासणी आली. ती करायची कुठं? हद्दीवर केली तर शांतता करारालाच धक्का. आयरिश समुद्रात, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि उरलेलं ब्रिटन यांच्यामध्ये केली, तर आपल्याच देशात आपलाच नाका. तो ब्रिटनशी जोडलेलंच राहायचं म्हणणाऱ्या तिथल्या डीयूपी पक्षाला मान्य नाही, आणि 2017 ची निवडणूक घाईनं घेऊन बहुमत गमावलेल्या मे यांचं सरकार त्याच पक्षाच्या दहा खासदारांवर उभं. तिसरा मार्ग, अख्ख्या ब्रिटननं कस्टम्समध्ये युनियनशी बांधलेलं राहायचं. तोच बॅकस्टॉप: दुसरी तजवीज होत नाही तोवर हे चालू राहील, आणि ब्रिटनला एकतर्फी सोडता येणार नाही. कट्टर ब्रेक्झिटवाल्यांना तो पिंजरा वाटला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

जॉन्सन यांनी नोव्हेंबर 2018 मध्ये उत्तर आयर्लंडच्या राजधानीत, बेलफास्टला, डीयूपीच्याच अधिवेशनात जाऊन समुद्रातल्या हद्दीला विरोध केला, टाळ्या घेतल्या. वर्ष व्हायच्या आत, ऑक्टोबर 2019 मध्ये, पंतप्रधान म्हणून तीच हद्द मान्य करून टाकली. बाहेर पडण्याचा मार्ग त्यातून मोकळा झाला हे खरं, पण किंमत बेलफास्टनं मोजली. इंग्लंडहून येणाऱ्या सॉसेजवरून 2021 मध्ये ब्रिटन आणि युनियन यांच्यात जुंपली. डीयूपीनं फेब्रुवारी 2022 पासून दोन वर्षं प्रांतिक सरकार चालू दिलं नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी युनियनशी विंडसर फ्रेमवर्क हा नवा करार करून उत्तर आयर्लंडातच राहणाऱ्या मालाला हिरवी मार्गिका आणि पुढे युनियनमध्ये जाऊ शकणाऱ्या मालाला लाल मार्गिका आखून दिली. नाका गेला नाही, रांग कमी झाली.

पंतप्रधान संसदच बंद करू शकतो? (वकील, नागपूर)

तहकूब करण्याचा सल्ला राजाला किंवा राणीला देऊ शकतो, आणि जॉन्सन यांनी ऑगस्ट 2019 मध्ये तो दिला: युनियनमधून बाहेर पडण्याची 31 ऑक्टोबरची मुदत तोंडावर असताना पाच आठवडे सत्र नाही. राजा किंवा राणी असा सल्ला नाकारत नाही, हा संकेत. आपल्याकडे अनुच्छेद 85 आहे, दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको असं लिहून ठेवलंय. ब्रिटनची राज्यघटना एका पुस्तकात नाही. बरीचशी ‘सभ्य माणसं असं करत नाहीत’ या भरवशावर चालते. सभ्य माणसानं केलं तर काय, याचं उत्तर 24 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं दिलं. अकरा न्यायमूर्ती, एकमत: सबळ कारणाशिवाय संसदेला तिच्या कामापासून रोखणारा सल्ला बेकायदा, म्हणून तहकुबी झालीच नाही असं समजायचं. न्यायालयाच्या तेव्हाच्या अध्यक्षा लेडी हेल यांचं ते निकालवाचन मिळालं तर जरूर ऐका. दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं.

दुसरं सार्वमत का घेतलं नाही? (नाशिक)

मागणारे लाखोंनी रस्त्यावर आले, 50 वं कलम मागं घ्या म्हणणाऱ्या अर्जावर साठ लाखांहून जास्त सह्या झाल्या. नोटीस एकतर्फी मागं घेता येते, असं युरोपियन न्यायालयानं डिसेंबर 2018 मध्ये सांगितलंही होतं. अडलं ते मजूर पक्षात. त्याचे शहरी मतदार ‘राहू’वाले, उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या खाणपट्ट्यांतले ‘जाऊ’वाले. कॉर्बिन दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभे राहिले. 12 डिसेंबर 2019 च्या निवडणुकीत जॉन्सन यांना 365 जागा मिळाल्या, टोनी ब्लेअर यांचा जुना सेजफील्ड मतदारसंघसुद्धा हुजूर पक्षाकडे गेला. विषय तिथं संपला.

माझा मोठा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर 2018 पासून स्विंडनला आहे. आमचे आजोबा 1961 आधीचे गोव्यातले. मी आत्ता पासपोर्ट काढला तर त्याच्याकडे कामाला जाता येईल का? (मडगाव)

त्या पासपोर्टच्या जोरावर, नाही. वाईट वाटतं, पण स्पष्ट सांगितलेलं बरं.

19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. ब्रिटन युनियनमध्ये होतं तोवर त्या नागरिकत्वावर थेट इंग्लंडात काम करता येत असे; स्विंडनमध्ये गोंयकारांची वस्ती वाढली ती त्यामुळेच. ते दार 31 डिसेंबर 2020 ला बंद झालं. त्या तारखेला तिथं राहत असलेल्यांना ईयू सेटलमेंट स्कीममध्ये अर्ज करता आला, त्याची मुदत 30 जून 2021 होती. तुमच्या भावानं तेव्हा अर्ज केला असेलच. पाच वर्षं पूर्ण नसल्यानं त्यांना आधी तात्पुरता दर्जा मिळाला असेल, तर तो कायम झाला का हे त्यांना आज विचारा. त्यांच्या पत्नीला त्या योजनेतून जाता येईल, लग्न 2020 संपण्याआधीचं असेल तर. भावंडांना ती सवलत नाही. तुम्हाला कामासाठी इतर भारतीयांसारखाच व्हिसा काढावा लागेल.

आयर्लंड मात्र युनियनमध्ये आहे. डब्लिनला पोर्तुगीज नागरिक म्हणून आजही काम करता येतं, आणि हल्ली कोणी तिथं जाण्याचा विचार करत असेल तर तो उगाच नव्हे. पण एक लक्षात घ्या: पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड मिळेल, पण मत देता येणार नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही. घरच्या भाटाच्या (बागायतीच्या) वाटणीचा प्रश्न अजून सुटायचा असेल, तर लिस्बनला कागद पाठवण्याआधी मडगावच्याच एखाद्या वकिलाकडे बसा.